कट्टा सुटला की गुडघे का धरतात?

जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा एक अहवाल आला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो आणि त्यापायी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, असा त्यात अंदाज होता. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही बातमी चारदा फिरली, खाली हात जोडलेले इमोजी आले आणि विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र प्रश्न राहिला. एकटेपणाने मन खचतं हे कळतं, पण शरीर कसं खचेल?

प्रश्न डोक्यात राहिला तो मामामुळे. माझा मामा ७८ वर्षांचा आहे. बँकेतून निवृत्त होऊन कोथरूडमधल्या एका जुन्या तीन मजली इमारतीत राहतो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रोज सकाळी साडेसहाला खाली उतरून जवळच्या बागेतल्या कट्ट्यावर जायचं, येताना दूध आणि भाजी आणायची, हा त्याचा कित्येक वर्षांचा नेम. कट्ट्यावर पाच जण होते. दोघे गेले, एक मुलाकडे बंगळूरला राहायला गेला, एकाला दिसेनासं झालं. मग मामानेही जाणं सोडलं. "कुणाशी बोलायला जाऊ?" म्हणाला.

त्यानंतरच्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा त्याला खुर्चीतून उठताना पाहिलं. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले, पुढे एक झोका घेतला आणि परत बसला. दुसरा झोका घेतला, परत बसला. तिसऱ्या झोक्याला मामीने काखेत हात घातला, तेव्हा उठला. वर्षापूर्वी हाच माणूस एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात दुधाच्या पिशव्या घेऊन तीन मजले चढत होता. डॉक्टरांनी साखर, रक्तदाब, गुडघ्यांचा एक्स-रे सगळं पाहिलं. वयाच्या मानाने विशेष काही निघालं नाही. घरच्यांनी निदान केलं, "वय झालं."

मी डॉक्टर नाही. पण एका वर्षात माणसाचं वय एकाच वर्षाने वाढतं, इतकं कळतं. मग गेलं काय, ते शोधत गेले. जे हाती लागलं ते इथे सोपं करून सांगते.

स्वावलंबन मोजतात कसं?

म्हाताऱ्या माणसाची 'तब्येत कशी आहे' याचं उत्तर आपण आजारांच्या यादीने देतो. या क्षेत्रातले लोक वेगळा प्रश्न विचारतात: स्वतःचं काय काय स्वतः करता येतं? सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ मध्ये त्यासाठी सहा कामं निवडली. अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणं, लघवी-शौचावर ताबा, आणि आपल्या हाताने जेवणं. त्यांना असं दिसलं की ही कामं साधारण एका क्रमाने सुटतात. अंघोळ आधी, जेवण सगळ्यात शेवटी. लहान मूल ज्या क्रमाने शिकतं, त्याच्या उलट.

पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी आठ कामांची दुसरी यादी केली. फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं, पैशांचा व्यवहार. ही कामं सहसा पहिल्या यादीच्या आधी सुटतात, कारण त्यांना पाय, डोळे, डोकं सगळं एकदम लागतं. आणि बघा, यातली निम्मी कामं माणसांत जाऊन करायची आहेत.

घरच्यांचं लक्ष जातं ते पहिली यादी ढासळायला लागल्यावर. आजोबांना अंघोळीला मदत लागली की घर हादरतं. त्याआधी वर्षभर आजोबा भाजी आणायला गेलेले नसतात, बँकेत गेलेले नसतात, रिक्षात बसलेले नसतात. ते कुणाला खटकत नाही, उलट भाजी मोबाइलवरून मागवता येते म्हणून बरंच वाटतं.

गच्चीवरची टाकी

पुण्यात राहणाऱ्याला गच्चीवरच्या टाकीचं गणित सांगायला नको. टाकी भरलेली असो की चतकोर उरलेली, खालच्या नळाला पाणी येतच असतं. पातळी किती उतरली हे घरात बसून कळत नाही. मग एका सकाळी नळ फुसफुसतो आणि सगळे वर धावतात.

स्नायूंची ताकद अशीच राखीव असते. तिशीत खुर्चीतून उठायला मांड्यांच्या ताकदीचा लहानसा भाग पुरतो, बाकीची शिलकीत राहते. वय वाढतं तशी शिल्लक उतरते. वयाबरोबर स्नायूंचं वजन आणि जोर घटण्याला सार्कोपेनिया म्हणतात. ते थोड्याफार प्रमाणात सगळ्यांनाच होतं. ऐंशीच्या आसपास कित्येकांना खुर्चीतून उठायला जवळजवळ सगळी ताकद लावावी लागते. अशा वेळी एखादा ताप, एखादं आजारपण, पंधरा दिवसांचा झोडपणारा पाऊस, आणि नळ फुसफुसतो. लोकांना वाटतं हे त्या तापाने केलं. तापाने फक्त शेवटची बादली काढली.

उतरण किती झपाट्याने होते याचा एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं मांस, चरबी सोडून, जवळपास एक किलोने उतरलं आणि गुडघा ताठ करण्याचा जोर साधारण १६ टक्क्यांनी घटला. आजारी नसलेल्या माणसांचं हे झालं. 'म्हाताऱ्या माणसाला आराम करू द्या' असं प्रेमाने म्हणताना हे आकडे आठवावेत.

टाकीची उपमा एका ठिकाणी तुटते, आणि तिथेच सगळी आशा आहे. पाण्याची टाकी वापरली की रिकामी होते. स्नायूंची टाकी वापरली की भरते.

मग यात माणसांचा संबंध कुठे आला?

मामाच्या जिन्याला ५२ पायऱ्या आहेत. मी मोजल्या. पर्वतीला १०३. म्हणजे कट्ट्यावर जात होता तोवर हा माणूस दर दोन दिवसांनी एक पर्वती चढत आणि उतरत होता, वर्षाला जवळपास १८० वेळा. त्याला कुणी 'व्यायाम कर' म्हटलं असतं तर त्याने उडवून लावलं असतं. तो व्यायामाला जातच नव्हता. तो भांडायला जात होता. पेन्शनवरून, क्रिकेटवरून, अमुक नाटकात तमुक भूमिका कुणी केली होती यावरून.

त्या तासाभरात काय काय होतं ते जवळून पाहायला हवं. माणसांत जायचं म्हणून दाढी होते. पायजमा बदलून पँट घातली जाते, म्हणजे एका पायावर उभं राहणं झालं. जिना उतरताना मांडीचे स्नायू प्रत्येक पायरीवर ब्रेक लावल्यासारखे ताणले जातात, चढताना अख्खं शरीर उचलतात. रस्ता ओलांडताना मान दोन्हीकडे वळते, पाय मात्र सरळ चालत राहतात. तोल सांभाळणं ते हेच. कट्टा बिनपाठीचा, म्हणून पाठ ताठ. चौघांच्या गलक्यात एकाचं ऐकायचं, त्याने मागच्या आठवड्यात काय सांगितलं होतं ते आठवायचं, उत्तर जुळवायचं. ऊन अंगावर पडतं. परत आल्यावर सपाटून भूक लागलेली असते. आणि दोन दिवस कुणी दिसलं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन येतो, "काय हो, बरं आहे ना?"

हे सगळं एकाच कारणावर टांगलेलं होतं: तिथे कुणीतरी वाट पाहत होतं. ते कारण गेलं आणि एकामागोमाग सगळं खाली आलं. दाढी एक दिवसाआड झाली. जेवण कमी झालं. पायऱ्या बंद, मग पायऱ्यांची भीती. भीतीमुळे आणखी बंद. मनाच्या वाटेने शरीर खचतं हे खरंच, पण त्याहून साधी वाट ही पायऱ्यांची आहे.

"जे धडधाकट असतात तेच बाहेर पडतात ना?"

हा आक्षेप रास्त आहे आणि तो घ्यायलाच हवा. बागेतल्या हास्यक्लबातली मंडळी ठणठणीत दिसतात, ती हसल्यामुळे ठणठणीत आहेत की ठणठणीत आहेत म्हणून सकाळी सहाला तिथे येऊ शकतात? नुसतं बाहेर जाणाऱ्यांची आणि घरी बसणाऱ्यांची तुलना केली तर हे कधीच कळणार नाही.

जपानच्या आयची प्रांतातल्या ताकेतोयो गावाने या कोड्यावर एक छान वाट काढली. २००७ पासून तिथे ज्येष्ठांसाठी वस्त्यावस्त्यांमध्ये 'सलून' उघडली गेली. केस कापायची नव्हेत, जमून बसायची, खेळायची, गप्पांची जागा. आपल्याकडच्या विरंगुळा केंद्राशी बरीच जवळची कल्पना. संशोधकांनी मग लोकांच्या घरापासून सर्वात जवळचं सलून किती लांब आहे ते पाहिलं. यातली युक्ती अशी: घर जुनं, सलून नवं. म्हातारपणी सलून कुठे उघडेल हे बघून कुणी घर घेत नाही. त्यामुळे जवळ राहणारे मुळातच जास्त धडधाकट, असं म्हणायला फारशी जागा उरत नाही. पण घर जवळ असलेला माणूस जास्त वेळा जातो. म्हणजे अंतर जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं काम करतं. हा आणि आणखी काही हिशेब लावून पाच वर्षांनंतर जे निघालं ते असं, की सलूनमध्ये जाणाऱ्यांमध्ये परावलंबन येण्याचं प्रमाण न जाणाऱ्यांच्या जवळपास निम्मं होतं.

हा एका गावाचा अभ्यास आहे, आणि चिठ्ठी 'टाकल्यासारखं' म्हणजे प्रत्यक्ष टाकलेली चिठ्ठी नव्हे. निम्मं हा आकडा पुण्याला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. दिशा मात्र इतरत्रही तीच दिसते. २०१० मध्ये १४८ अभ्यास, म्हणजे ३ लाखांहून जास्त माणसं, एकत्र करून पाहिली गेली. ज्यांची माणसांशी नाती घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली.

खरं सांगायचं तर दोन्ही बाजू एकदम खऱ्या आहेत. पाय चांगले म्हणून माणूस बाहेर जातो आणि बाहेर जातो म्हणून पाय चांगले राहतात. आपल्याला काम एवढंच आहे की हे चक्र उलटं फिरायला लागल्याचं वेळेत ओळखायचं.

"आमच्या घरात माणसं आहेत की!"

भरल्या घरातल्या आजी-आजोबांबद्दल हे हमखास ऐकू येतं. पण भरल्या घरात म्हाताऱ्या माणसाचं काम हळूहळू काढून घेतलं जातं, आणि तेही मायेने. "आई, तुम्ही बसा, मी करते." "बाबा, तुम्ही कशाला जाता, मी येताना आणतो." प्रत्येक वाक्यात प्रेम आहे, आणि प्रत्येक वाक्याबरोबर टाकीतली एक बादली जाते. कुणी चहाचा कप हातात आणून दिला की उठणं वाचतं. दिवसातून दहा वेळा उठणं वाचलं की महिन्याला तीनशे.

बायकांच्या बाबतीत उलटं बोललं जातं, "ती तर दिवसभर कामातच असते, तिला काय व्हायचंय?" पुणे जिल्ह्यातल्या वढू परिसरात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पन्नाशीपुढच्या ५ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. आपली तब्येत बरी नाही असं सांगणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त होत्या. माझ्या मते याचा एक धागा इथे आहे: ओट्यापाशी तासन् तास उभं राहणं हे काम आहे, पण त्यात जिना नाही, वेगाने चालणं नाही, वजन उचलणं बेताचं, आणि बोलायला कुणी नाही. मामाच्या कट्ट्याची आम्हा सगळ्यांना चिंता वाटली. मामीचं भजनी मंडळ त्याच वर्षी सुटलं, मामाला एकटं कसं सोडायचं म्हणून. ते माझ्याही लक्षात फार उशिरा आलं.

"आणि पडले तर?"

ही भीती खोटी नाही. खुब्याचं हाड मोडलं की कित्येकांचं पूर्वीसारखं चालणं परत येत नाही. पण पडण्यापासून वाचायला घरी बसवणं म्हणजे पाय आणि तोल दोन्ही आणखी कच्चे करणं. मग माणूस पलंगापासून संडासापर्यंतच्या सात पावलांत पडतो.

२०१९ मध्ये १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. वृद्धाश्रमात नव्हे, आपापल्या घरी राहणाऱ्या ज्येष्ठांनी व्यायाम केला तर पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, असा त्याचा निष्कर्ष. सगळ्यात उपयोगी ठरले ते तोल सांभाळायचे आणि रोजच्या हालचालींसारखे व्यायाम: खुर्चीतून उठबस, टाचा उचलणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना असे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करायला सांगते. नुसतं फिरणं चांगलंच, पण तेवढ्याने भागत नाही.

घरात काय करायचं ते थोडक्यात: संडास-बाथरूमच्या भिंतीत पक्का दांडा, रात्रीचा दिवा, ओली फरशी लगेच पुसणं, घसरत्या स्लिपरऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल.

"या वयात आता काय ताकद येणार?"

१९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे वजनं लावून पायांचा व्यायाम दिला. पूर्ण करणाऱ्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पावणेतीन पट. टाकी नव्वदीतही भरते.

भरायला पाणी मात्र हवं, म्हणजे प्रथिनं. आपल्याकडे वय झालं की जेवण 'हलकं' होतं: सकाळी चहा-पाव, दुपारी आमटी-भात, रात्री नुसती दूध-पोळी. तज्ज्ञांचा सल्ला ज्येष्ठांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनांचा आहे. ५५ किलोच्या आजीला ५५ ते ६६ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७. घट्ट वरण, उसळ, दही, पनीर प्रत्येक जेवणात असेल तरच हा हिशेब जुळतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वाढवू नये.

शहराचा वाटा

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत निरोगी म्हातारपण म्हणजे शरीराची क्षमता आणि भोवतालची परिस्थिती यांची बेरीज. चष्मा लावला की कमजोर डोळ्यांनाही पेपर वाचता येतो, तसंच. गुडघे तेच, पण लिफ्ट असेल तर माणूस स्वावलंबी, नसेल तर घरकोंडी.

सिग्नलचं उदाहरण घ्या. पादचाऱ्यांची वेळ ठरवताना सेकंदाला साधारण १.२ मीटर चालणारा माणूस धरतात. २४ मीटरचा रस्ता त्याला २० सेकंदांत होतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीला ३० लागतात. शेवटचे दहा सेकंद ती दुचाक्यांच्या तोंडाशी उभी असते. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा ती घराबाहेर पडत नाही, आणि आपण म्हणतो, आजीला आता बाहेर आवडत नाही. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद, सपाट पदपथ पाहिले की ते कशासाठी होतं हे कळतं. तिथे संध्याकाळी बाकांवर बसलेली म्हातारी माणसं दिसतात. गल्लीबोळांत मात्र पदपथ गुडघाभर उंच किंवा गाड्यांनी भरलेला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शनात पदपथाची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. आपल्या गल्लीत फूटपट्टी लावून बघा. शिवाय वाटेत टेकायला बाक आणि स्वच्छ मुतारी हवी. कित्येक ज्येष्ठ बाहेर पडणं टाळतात ते केवळ या एका अडचणीपायी, आणि ती कुणाला सांगतही नाहीत.

घरी काय बघायचं?

भिंतीला टेकवलेली, बिनहातांची साधी खुर्ची घ्या. हात छातीवर बांधून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं. शेजारी कुणीतरी उभं असू द्या. आशियाई देशांच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवल्याप्रमाणे १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर स्नायूंची चौकशी करण्यासारखी आहे. मग फिजिओथेरपिस्टकडे जावं. ठरवून न करता वजन उतरणं, सतत थकवा, पकड सैल होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं, यातलं एकदोन दिसलं तरी थांबू नये. तीन दिसेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

आणि 'बाबा, फिरायला जात जा' हा उपदेश करू नका. मी वर्षभर केला, एक पायरी उतरली नाही. मामाला शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींनी खाली आणलं. पाण्याच्या टँकरचा हिशेब जुळत नव्हता. "काका, तुम्ही बँकेतले, जरा वह्या बघता का? पण त्या खालच्या ऑफिसातच ठेवाव्या लागतात." पहिल्या दिवशी उतरायला दोघे लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर श्वास घ्यायला एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. आता आठवड्यातून तीन दिवस तो उतरतो, फिजिओथेरपिस्टने दिलेली उठबस वैतागत का होईना करतो, आणि मामी तेवढ्या वेळात भजनाला जाते.

संक्रांतीनंतर पहिल्यांदा मोजलं तेव्हा हात न लावता एकदाही उठता आलं नव्हतं. गेल्या रविवारी पाच वेळा झालं, १६ सेकंदांत. "बारा म्हणालीस ना?" त्याने विचारलं आणि मला घड्याळ पुन्हा लावायला सांगितलं.